आधी अडवा, मग बांधा: घरच्या गाडीत सामान लावताना

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की नाशिकहून मुंबई-पुण्याकडे निघालेल्या घरच्या गाड्यांच्या डिकीत एखादा तरी क्रेट असतोच. शेजारी कांद्याची गोणी, चिवड्याची पाकिटं, आजीनं दिलेली लोणच्याची बरणी आणि वर कोंबलेल्या बॅगा. डिकीचं दार दोघांनी मिळून दाबलं की ते बंद होतं आणि गाडी निघते. वाटेत हे सामान हललं तर काय, अशी शंका कुणी काढलीच तर उत्तर तयार असतं: दोरीनं बांधून टाकू. पण घरच्या गाडीत दोरी हा दुसरा उपाय आहे. पहिला उपाय म्हणजे सामानाला हलायला जागाच न ठेवणं.

कोरड्या डांबरी रस्त्यावर पूर्ण ताकदीनं ब्रेक मारला की गाडीतल्या प्रत्येक वस्तूला तिच्या वजनाच्या साधारण ८० टक्के इतका जोर पुढे ढकलतो. २० किलोच्या क्रेटवर हा जोर १६ किलोचा झाला. प्लास्टिकचा क्रेट डिकीच्या कार्पेटवर घासला जाऊन त्यातले सहा-आठ किलो रोखतो. उरलेले आठ-दहा किलो दुसऱ्या कशानं तरी पेलायला हवेत, नाहीतर क्रेट सरकणारच. ट्रकवरचा माल बांधताना युरोपात हिशेबाला पुढे ८० टक्के, बाजूला आणि मागे ५० टक्के जोर धरतात. घरच्या गाडीलाही हाच हिशेब पुरतो, आणि एवढा जोर साधा पट्टा सहज पेलतो.

धडकेचं गणित मात्र निराळं. ताशी ५० किमी वेगानं जाणारी गाडी आदळून, पुढचा भाग चेपत, अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या वस्तूंवर त्यांच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. त्या क्षणी २० किलोचा क्रेट ४०० किलोच्या जोरानं पुढे जायला बघतो. समृद्धीवर मोटारींना १२० ची मुभा आहे. ५० च्या तुलनेत १२० ला प्रत्येक वस्तूतली ऊर्जा पावणेसहा पट होते.

आता फटीचा मुद्दा. क्रेट मागच्या सीटच्या पाठीला टेकलेला असेल तर गाडी थांबू लागते तसा तोही तिच्याबरोबरच थांबू लागतो. मध्ये फट असेल तर गाडी थांबत असताना क्रेट जुन्याच वेगानं पुढे येत राहतो आणि मग पाठीवर आदळतो. वरच्याच ५० किमीच्या धडकेत फट १० सेंटीमीटर असेल तर तो पाठीला ताशी सुमारे २२ किमी वेगानं भिडतो. फट ३० सेंटीमीटर असेल तर ३९ किमी वेगानं, आणि अर्धा मीटर असेल तर पूर्ण ५० नं. क्रेट तोच, गाडी तीच, फरक फक्त मधल्या मोकळ्या जागेचा. डिकीच्या दाराशी ठेवलेली गोणी आणि सीटला चिकटवून ठेवलेली गोणी यांत एवढं अंतर आहे.

सीटच्या पाठीलाही मर्यादा असते. डिकीतल्या सामानाचा धक्का ती सोसते का, हे तपासण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १७ मध्ये १८ किलोचे दोन ठोकळे ५० किमीच्या धडकेत मागून पाठीवर आदळवतात. म्हणजे एकूण ३६ किलो. दोन क्रेट आणि अर्धी गोणी एवढ्यातच हा आकडा मागे पडतो. म्हणून सामान टेकवून ठेवणं महत्त्वाचं, आणि त्यातही खाली ठेवणं. धक्का पाठीच्या वरच्या टोकाला बसला तर पाठ बिजागरीवरून पुढे वाकते, खालच्या भागात बसला तर तोच धक्का ती बराच जास्त सोसते.

कोणत्या गाडीत काय सांभाळायचं

सेडानची डिकी या कामाला सगळ्यात चांगली, कारण ती बंद पेटी असते. सामान डोक्यावर येण्याची वाटच नसते. तरी मागची सीट दुमडणारी असेल तर तिची कडी नीट बसली आहे का, ते बघायला हवं. बऱ्याच गाड्यांत कडी अर्धवट बसली असेल तर बटणाजवळ लाल खूण दिसते. खूण असो वा नसो, पाठ दोन्ही बाजूंनी धरून जोरात पुढे ओढून पाहावी. ४०:६० अशी दुभागलेली पाठ असेल तर दोन्ही भाग वेगवेगळे ओढावेत.

हॅचबॅकमध्ये डिकीवर झाकण असतं, त्याला पार्सल ट्रे म्हणतात. हा ट्रे सामान झाकण्यासाठी आहे, अडवण्यासाठी नाही. त्यावर ठेवलेली छत्री, मिठाईचा खोका, चार्जर किंवा जाडजूड पुस्तक धडकेत थेट मागे बसलेल्यांच्या मानेशी येतं. ट्रेवर काहीही ठेवू नये, अगदी नॅपकिनचा डबासुद्धा. (डबा हलका असतो हे खरं, पण एकदा डबा ठेवला की शेजारी थर्मास येतोच.)

सगळ्यात अवघड प्रकरण सात सीटवाल्या गाडीचं. तिसरी रांग उभी केली की मागे जेमतेम वीतभर जागा उरते आणि त्या वीतभर जागेत चार बॅगा एकावर एक रचल्या जातात. पुढे कोण बसलेलं असतं? बहुधा मुलं. रचलेल्या सामानाची उंची तिसऱ्या रांगेच्या पाठीपेक्षा वर गेली की वरची बॅग त्यांच्या डोक्यावर येणार, हे ठरलेलं. सहा-सात माणसं असतील तर सामान कमी न्यावं किंवा छतावर बंद पेटी लावावी, मधला मार्ग नाही. पाचच माणसं असतील तर तिसरी रांग दुमडावी आणि सामान दुसऱ्या रांगेच्या पाठीला टेकवून लावावं. दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असतील, म्हणजे माणसं चारच असतील, तर त्यांच्यामधली वाट मोकळी राहते, आणि मधोमध ठेवलेली बॅग तिथून थेट गिअरपर्यंत पोचू शकते. त्या वाटेच्या रेषेत गाडीच्या रुंदीला आडवी बसणारी एखादी मोठी बॅग ठेवावी. दोन्ही खुर्च्यांच्या पाठी मिळून ती अडवतात.

मागे कुणीच बसणार नसेल तर एक फुकटचा उपाय आहे. मागच्या सीटचे कडेचे दोन्ही बेल्ट विरुद्ध बाजूच्या बकलात अडकवायचे, म्हणजे पाठीवर फुली होते. पाठीला बिजागरी आणि कडीशिवाय आणखी एक आधार मिळतो. विरुद्ध बकलात बेल्ट बसत नसतील तर आपापल्या बकलात लावले तरी उपयोग होतो.

गाडी किती पेलते

सामानाला किती वजन शिल्लक आहे, हे डिकीच्या आकारावरून कळत नाही. गाडीचं कमाल भारित वजन मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करावं. रिकामं वजन आरसीवरही छापलेलं असतं. साध्या हॅचबॅकमध्ये ही वजाबाकी साधारण ४०० ते ४५० किलो निघते. पाच मोठी माणसं सरासरी ७० किलोची धरली तर ३५० तिथेच संपले. उरले ५० ते १००, आणि गाडीत नंतर बसवलेली सीएनजीची टाकी असेल तर तिचंही वजन याच शिलकीतून जातं. कांद्याची ५० किलोची गोणी, दोन क्रेट आणि पाच माणसं हे गणित बऱ्याच लहान गाड्यांत बसत नाही.

भरलेल्या गाडीचे टायर रिकाम्या गाडीच्या हवेवर चालवू नयेत. चालकाच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर पूर्ण भाराचा आकडा वेगळा दिलेला असतो, मागच्या टायरांना बहुधा जास्त. हवा टायर थंड असताना भरावी. मागचा भाग दबला की पुढचे दिवे वर रोखले जातात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. स्टिअरिंगजवळ शून्यापासून तीन-चारपर्यंत आकड्यांची छोटी चकती असते ती यासाठीच. गाडी भरलेली असेल तर आकडा वाढवावा, दिवे खाली येतात.

लावण्याचा क्रम

आधी डिकी रिकामी करावी. स्टेपनी बहुतेक गाड्यांत डिकीच्या तळाखाली असते, म्हणजे कसारा घाटात टायर बसला तर सगळं सामान रस्त्याकडेला उतरवावं लागणार. ते टळत नाही, पण जॅक, पाना आणि लाल त्रिकोण तरी आधीच बाहेर काढून कडेच्या खणात किंवा पुढच्या सीटमागे फडक्यात गुंडाळून ठेवता येतात. त्रिकोण आधी लावायचा असतो, सामान नंतर उतरवायचं असतं.

मग तळावर जाळीदार रबरी मॅट अंथरावी. घसरणाऱ्या प्लास्टिकच्या क्रेटला सगळ्यात स्वस्त लगाम हाच. कार्पेटच्या दीडपट-दुप्पट घर्षण तिच्यामुळे मिळतं. सगळ्यात जड वस्तू मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून, मधोमध, तळावर ठेवावी. तिच्या दोन्ही बाजूंना त्याखालोखाल जड. दाराकडच्या बाजूला हलकं. उरलेल्या प्रत्येक फटीत मऊ काहीतरी घट्ट बसवावं: चादरी, गोधडी, स्वेटरची बॅग. त्या फटी भरल्या की सामान बाजूलाही सरकत नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर चढताना एकामागून एक वळणं येतात तेव्हा याची खरी परीक्षा होते. एका वळणावर सामान डावीकडे सरकतं, पुढच्यावर उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकाव्यात थोडी नवी फट तयार होते.

रचलेल्या सामानाची उंची सीटच्या पाठीच्या वर जाऊ देऊ नये. मागची काच आरशातून दिसली पाहिजे, ही वेगळी गरज, पण दोन्ही एकाच नियमानं भागतात.

कांद्याची गोणी उभी ठेवू नये. जाळीची गोणी आकार धरत नाही. उभी केली की दहा-वीस किलोमीटरमध्ये ती कलते आणि तिच्या आधारावर ठेवलेलं सगळं कलतं. तिला गाडीच्या रुंदीला आडवी निजवावी आणि सीटच्या पाठीशी दाबून बसवावी, म्हणजे ती इतर सामानाला टेकू होते. द्राक्षांचे प्लास्टिकचे क्रेट एकमेकांच्या कडेत अडकतात म्हणून दोन रचायला हरकत नाही, पण ते दोन्ही मिळून एका पट्ट्यानं आवळून एकच वस्तू करावी. पुठ्ठ्याची खोकी खाली ठेवून वर क्रेट रचला तर इगतपुरीपर्यंत मणी फुटून रस कार्पेटमध्ये उतरतो आणि तो वास पावसाळ्यापर्यंत जात नाही. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा उभाच ठेवावा, झाकण वर, चारही बाजूंनी मऊ सामान. त्याचे कोपरे पट्टा कापतात, म्हणून पट्ट्याखाली जुन्या पुठ्ठ्याचा तुकडा द्यावा.

घरचा गॅस सिलिंडर शक्य तर गाडीतून नेऊच नये. १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड, म्हणजे ३० किलोच्या आसपासची वस्तू. न्यावाच लागला तर उभा, टोपी घट्ट लावून, काचा उघड्या ठेवून. आडवा ठेवला तर द्रवरूप गॅस व्हॉल्व्हपाशी येतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं गळाला तर तळाशी साचतो आणि वास उशिरा लागतो.

पट्टा, दोरी आणि हुक

सगळं टेकवून झाल्यावर पट्टा. बकल दाबून ओढायचा २५ मिलिमीटर रुंद पॉलिएस्टरचा पट्टा घरच्या कामाला पुरतो. त्यावर शिवलेल्या पट्टीवर एलसी असं लिहून, पट्टा किती जोर पेलतो याचा आकडा डेकान्यूटनमध्ये दिलेला असतो. एक डेकान्यूटन म्हणजे जवळजवळ एक किलोचा जोर. ही पट्टीच नसलेला पट्टा घेऊ नये. दांड्यानं आवळायचा रॅचेट पट्टा जास्त ताकदीचा, पण जोश आला की त्यानं क्रेट चेपतो आणि बॅगेची चाकं मोडतात.

हुकवाली इलास्टिक दोरी मात्र या कामाची नाही. तिचा स्वभावच ताणण्याचा, त्यामुळे जोर आला की ती सामानाला पुढे येऊ देते. वर हुक सुटला तर तोंडावर येतो. जॅकेट किंवा रिकामी पिशवी अडकवण्यापलीकडे तिला काम देऊ नये. सुतळी आणि नायलॉनची दोरी निदान इलास्टिकइतकी ताणत नाहीत, पण गाठ सैल होते आणि धारदार कडेवर त्या घासून तुटतात.

पट्टा कशाला अडकवायचा, यातच जास्त चुका होतात. डिकीच्या तळाशी धातूच्या कड्या असतील तर त्याच. कडेला असलेले प्लास्टिकचे हुक किराणा पिशवीसाठी असतात, तीन-चार किलोपुरते. हेडरेस्टच्या दांड्या, डिकीच्या दाराची कडी, लहान मुलांची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हुक यांना सामान बांधू नये. बऱ्याच लहान गाड्यांत कड्याच नसतात, आणि तिथे फट बुजवण्यावरच सगळी भिस्त ठेवावी लागते. पट्टा सामानावरून सरळ आडवा टाकला तर तो फक्त खाली दाबतो, म्हणजे थोडं घर्षण वाढतं. मागच्या बाजूनं सामानाला वेढून तिरका पुढच्या कड्यांकडे ओढला तर तो सामान सीटच्या पाठीला धरून ठेवतो. दोन पट्टे असतील तर फुली घालावी.

नाशिकच्या मुंबई नाक्यावरून निघालात तर वाडिवऱ्ह्याच्या आसपास एकदा थांबून डिकी बघावी. पहिल्या पंधरा-वीस किलोमीटरमध्ये सामान दबून बसतं आणि पट्टा ढिला पडतो. तिथेच एकदा आवळला तर पुढे घाटात निश्चिंती.

आतलं सामान

माणसं बसतात तिथल्या सुट्या वस्तूंकडे कुणी सामान म्हणून बघत नाही, आणि खरा धोका तिथेच असतो. त्र्यंबकेश्वरहून परतताना सीटखाली ठेवलेला नारळ, अर्धी भरलेली पाण्याची बाटली, मुलाचा चेंडू. उतारावर किंवा ब्रेक मारताना हे गडगडत चालकाच्या पायाशी येतं आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकलं तर पेडल पूर्ण दाबलंच जात नाही. चालकाच्या सीटखाली काहीही ठेवू नये. नारळ दाराच्या कप्प्यात किंवा तोंड बांधलेल्या पिशवीत असावा.

लहान पण जड वस्तूंना, म्हणजे तांब्याची हंडी, पाच लिटरचा पाण्याचा कॅन, जेवणाचे डबे यांना, पुढच्या सीटमागची पाय ठेवायची जागा उत्तम. ती पुढून सीटनं अडलेली असते. मागच्या सीटवर बॅग ठेवलीच तर सीटबेल्ट तिच्या हँडलमधून घेऊन बकलात लावावा. माणसांनी मागे बेल्ट लावणं तर सक्तीचंच आहे, न लावल्यास मोटार वाहन कायद्यानं १००० रुपये दंड आहे. दंडापेक्षा बेल्टचा हिशेब सोपा: बेल्ट न लावलेला ७० किलोचा माणूस हेच गाडीतलं सगळ्यात जड सुटं सामान असतं.

डॅशबोर्डवरची देवाची मूर्ती कुठे चिकटवायची, हाही याच विषयातला प्रश्न. पुढच्या प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या झाकणातून डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि झाकणावर जे असेल ते प्रवाशाच्या चेहऱ्याकडे फेकते. मूर्ती त्या झाकणापासून दूर, मध्यभागी, लहान आणि हलकी असावी. गणपती घरी आणताना पुढच्या सीटवर मांडीवर मूर्ती घेऊन बसण्याची पद्धत आहे. तिथेही समोर तीच एअरबॅग असते आणि मध्ये मूर्ती. मूर्ती मागच्या सीटवर पाटावर ठेवून दोन्ही बाजूंनी उशा लावाव्यात, पाटावरून बेल्ट घ्यावा आणि शेजारी बेल्ट लावून बसलेल्या माणसानं एका हातानं सांभाळावी. खिडक्यांवर पडदा-एअरबॅग असलेल्या गाडीत वरच्या मुठीला हँगर अडकवू नये.

पडदे लावायच्या दांड्या, पाइप, गुंडाळलेली सतरंजी असं लांब सामान दोन पुढच्या सीटमधून पुढे काढायचा मोह होतो. ते पुढच्या डाव्या सीटच्या पाठीला, खालच्या भागात, टेकवून तिरकं ठेवावं, त्या सीटमागे कुणी बसू नये, आणि टोकाला कापड गुंडाळावं. डिकीचं दार उघडं ठेवून बाहेर काढलेल्या सामानाला मर्यादेबाहेर गेल्यास २०,००० रुपयांचा दंड आहे, शिवाय उघड्या दारातून धूर आत येतो.

छतावर

छताची मर्यादा मॅन्युअलमध्ये असते. बहुतेक घरच्या गाड्यांत ती ५० ते ७५ किलोच्या दरम्यान असते आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं असतं. शोभेच्या काळ्या रेल पुष्कळदा नुसत्या चिकटवलेल्या असतात, त्यांना काहीही बांधू नये. छतावर हलकं आणि मोठं सामान जावं, जड नाही, कारण छतावरचा प्रत्येक किलो वळणावर गाडीला जास्त कलवतो. हवेचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो. ६० वरून १२० वर गेलं की चौपट.

कॉलेजला निघालेल्या मुलांच्या गाद्या छतावर टाकून, खिडकीतून सुतळी फिरवून नेण्याचा प्रकार सर्रास दिसतो. सहा फूट बाय तीन फूट गादीची पुढची कड वाऱ्यानं उचलली तर ८० च्या वेगाला तिच्याखाली २५ ते ४५ किलोचा उचलणारा जोर तयार होऊ शकतो. सुतळी तुटली की गादी मागच्या दुचाकीवर. गादी न्यायचीच तर गुंडाळून, पट्ट्यांनी दोन ठिकाणी आवळून, कॅरिअरच्या आडव्या दांड्यांना (क्रॉसबारला) बांधून न्यावी. लांब वस्तू पुढच्या आणि मागच्या टो-हुकलाही, म्हणजे गाडी ओढून न्यायच्या हुकलाही, बांधावी. पट्टा वाऱ्यात गुणगुणत असेल तर त्याला एक पीळ द्यावा, आवाज थांबतो.

मुक्कामी पोचल्यावर डिकीचं दार एकदम वर उचलू नये. घाटाच्या चढावर सामान मागे सरकून दाराला टेकलेलं असतं. दार आधी फक्त चार बोटं उघडून त्या फटीत हात घालावा, वरची बॅग धरावी, मग दार सोडावं. मुलांना दारामागे उभं करू नये.